विद्यापीठासाठी राखलेलं एकर

१९९६च्या उन्हाळ्यात पणदऱ्याच्या मारुतीतात्यांनी उसाच्या रानात एक एकर मोकळं सोडलं, तिथे एक खोली बांधली आणि खोलीत कमोड बसवला. गावात तोपर्यंत दुसरा कमोड नव्हता.

कारण विचारलं की तात्या सांगत, "परदेशी विद्यापीठाची शाखा येणार हाय."

मी तेव्हा बारामतीत एका दैनिकाचा बातमीदार होतो. बाजाराच्या दिवशी तात्या एसटीने येत, कार्यालयातल्या बाकावर टेकत आणि विचारत, "काय पत्रकार, कुठं शाखा निघाली का?"

पत्नी वारल्यापासून घरात ते एकटेच होते. मुलगा दिलीप ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात गणित शिकवत होता. तिकडची विद्यापीठं दुसऱ्या देशांत शाखा काढणार, हे तात्यांनी रेडिओवर ऐकलं होतं.

"आदी आमी दूध घालायला लांब जायचो. मग डेअरीनं गावातच केंद्र काढलं. पोरं एवढी तिकडं जात्यात, तर विद्यापीठानं हितं केंद्र काढायला काय हरकत हाय? निघालं की दिलप्या बदलीचा अर्ज देईल. झेडपीच्या मास्तरला गावाजवळ बदली मिळती, त्याला का न्हाय?"

विद्यापीठात अशी बदली नसते, असं मी सांगितलं.

"तुमाला पेपरातलं कळतं. बदलीतलं न्हाय," तात्या म्हणाले.

भाऊबंद बांधावरून विचारत, "तात्या, प्राध्यापक बसायला कवा येणार?"

"आदी बसायची सोय, मग शिकवायची," तात्या उत्तर देत आणि खोली झाडायला घेत. ती ते रोज झाडत.

दोन वर्षांनी दिलीपच्या विद्यापीठाने परदेशात शाखा काढली. मलेशियात. बातमी माझ्याआधी तात्यांकडे होती. दिलीपने फोन केला होता. त्याला तिकडेच पाठवलं होतं.

"बदली नसती, म्हणत व्हता न्हवं तुमी?"

मग त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवरच्या नकाशात मलेशिया दाखवायला सांगितलं. ऑस्ट्रेलियापासून तिथपर्यंत वीत लावली, तिथून आपल्याकडे लावली.

"निम्म्या वाटंवर आलाय," ते म्हणाले.

दारात चपला घालताना थांबले. "मागं ऑस्ट्रेलियात दिलप्याचा गुडघा मोडला व्हता. खाली बसता येत न्हाय त्याला. म्हणून त्यो कमोड. गावात बोलू नका. विद्यापीठाचाच म्हणा."

त्या पावसाळ्यात पणदऱ्यात सगळ्यांनी आडसाली ऊस लावला. तात्यांचं ते एकर मोकळंच होतं.