उत्तरं पाठवण्याचा समारंभ

आमच्या गावच्या हायस्कुलात ऑनलाइन शिक्षण आलं ते १९९९ साली. कडेगावच्या आसपास तवा दुसऱ्या कुठल्या शाळेत ते आलेलं न्हवतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजानं योजना काढली. दर शनिवारी तिथल्या शिवांजली मॅडम कॉम्प्युटरवर धडा लिवून पाठवणार, इकडं पोरांनी वाचायचा, तिथल्या तिथं प्रश्न इचारायचे. वर्षाच्या शेवटाला परीक्षा. पास होईल त्याला दहावीनंतर कॉलेजात कॉम्प्युटरची दोन वर्षं फुकट, वसतिगृहासकट. योजना साधी हुती. म्हणून हेडमास्तरांनी ती स्वतःच्या हातात घेतली.

आमचे हेडमास्तर आकाराम सर म्हणजे नेतृत्वगुण असलेला माणूस. पुण्याच्या शिबिरात त्यांना शिकवलं हुतं, नेतृत्व म्हणजे पुढं उभं राहणं. तवापासनं ते कशाच्याबी पुढं उभं राहतात. कॉम्प्युटरच्याबी पुढं उभं राहिले. पोरांना पडदा दिसंना.

आधी नोटीस निघाली : ‘फक्त तंत्रज्ञानाची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनाच प्रवेश.’ आवड मोजायची कशी? सरांनी माप काढलं. ज्याच्या घरी फोन, त्याला आवड. तालुक्याच्या साहेबानंबी मान डोलावली. गावात फोन हुते संस्थेच्या संचालकांच्या घरी, म्हणून आवड निघाली ती संचालकांच्याच पोरांत. पण त्यातल्या एकालाबी टायपिंग येत न्हवतं. मग माझी दहावीतली बहीण अक्षता घेतली. ती टायपिंगच्या क्लासला कडेगावला जायची. नोटिशीत तिच्या नावापुढं लिवलं : ‘आवड – नाही. वेग – चांगला.’

मी शाळा कवाच सोडलेली. पण कार्यक्रम सार्वजनिक असल्यामुळं मला आत यायला बंदी न्हवती.

पहिल्या शनिवारी कॉम्प्युटरपुढं समई लावली. नारळ फुटला. अक्षतानं फोन जोडला, मशीन कोकललं, लाइन लागली. पलीकडनं शिवांजली मॅडमनी लिवलं, ‘नमस्कार. सुरू करूया का?’

“थांब,” सर म्हणाले. “प्रास्ताविक घे.”

सर बोलायला लागले आणि अक्षता टाइप करायला लागली. इंग्रजी अक्षरांत मराठी. सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय अध्यक्ष लालासाहेब, ज्ञात-अज्ञात देणगीदार. संस्थेच्या स्थापनेपर्यंत आले आणि लाइन तुटली.

पुन्हा लाइन लावली. सर म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासनं.”

“सर, आवं मॅडमनी अर्धं वाचलंय की,” अक्षता म्हणाली.

“लाइन तुटली म्हणजे कार्यक्रम खंडित झाला. खंडित कार्यक्रम तसाच पुढं रेटणं संस्थेच्या परंपरेत बसत नाही. समई लाव.”

“पण सर, ही लाइन पंधरा मिनिटंबी टिकत न्हाई. आधी धडा घिऊया, मग भाषण.”

“आधी आभार आणि मग स्वागत, असं कुठं बघितलंस का तू?”

“न्हाई सर.”

“मग?”

मग काय. वर्षभर दर शनिवारी आकाराम सर संस्थेच्या स्थापनेपर्यंत यायचे आणि लाइन तुटायची. स्थापनेच्या पुढं संस्थेनं काय केलं ते विश्रामबागेला आजून म्हाईत न्हाई. एकदा मॅडमनी घाईघाईत लिवलं, ‘सर, कृपया विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर बसू द्या.’ सरांनी उत्तर सांगितलं, ‘विद्यार्थी बसलेलेच आहेत. सतरंजीवर. शांत.’ अक्षतानं तेबी टाइप केलं. दिवाळीपर्यंत तिला ‘सन्माननीय’ डोळं झाकून यायला लागलं.

शिकली ती दुसऱ्याच वाटेनं. मॅडम धडे टपालानंबी पाठवायच्या. ते टपाल सर दप्तरी लावायच्या आधी ती उतरून घ्यायची. संचालकांची पोरं सतरंजीवर पत्ते खेळायची, ही समईच्या उजेडात आकडेमोड करायची. घरी आमचा आण्णा, म्हणजे आमचा बाप सोपान, पलटणीतनं रिटायर झालेला माणूस, तिला चहा करून द्यायचा. मला कवा दिला न्हाई.

“कुणाल, तू तर गेलास,” आण्णा म्हणायचा. “हीबी जाणार. पण ही सांगलीला जाणार.”

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रश्न आले. पाच वाजायच्या आत उत्तरं पाठवायची. अक्षतानं दुपारीच सगळी उत्तरं टाइप करून मशीनमदी ठेवली. आता लाइन लावायची आणि एक बटण दाबायचं, एवढंच राह्यलं हुतं.

“तेवढंच?” आकाराम सर दचकले. “वर्षभराच्या कार्याची सांगता, आणि एक पोरगी बटण दाबून मोकळी? बटण अध्यक्षांच्या शुभहस्ते दाबलं जाईल.”

लालासाहेब यायला साडेचार झाले. फेटे बांधले. पालकांना पुढं खुर्च्या मांडल्या हुत्या. त्यात आण्णालाबी खुर्ची, छातीला गुलाब. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या शाळेत पुढची खुर्ची मिळाली ती पहिल्यांदाच. आण्णा तिच्यावर असा बसला, जशी काय ती काचेची हाय.

लाइन लागली. अक्षता हात जोडून म्हणाली, “सर, आज प्रास्ताविक नको. पाया पडते.”

आकाराम सरांनी मोठं मन केलं. “बरं. आज प्रास्ताविक रद्द. आज फक्त संस्थागीत.”

संस्थागीत नवंच हुतं. लालासाहेबांच्या मेव्हण्यानं लिवलेलं, सात कडव्यांचं. पेटी वाजली आणि सगळी सभा ताडकन उभी राहिली. लालासाहेब डोळं मिटून स्वतःचं नाव ऐकत उभे. आण्णा तर पहिल्या सुराला सावधान. पलटणीत माणसाला उभं राहायला शिकवतात, कशासाठी ते इचारायला शिकवत न्हाईत.

अक्षताबी उभी राहिली. मशीन तिच्यापुढं, बटण तिच्या हातापासनं वीतभर.

पहिलं कडवं संपलं. लाइन तुटली न्हाई. दुसरं झालं, तिसरं झालं. वर्षभर जी लाइन स्थापनेच्या पुढं गेली न्हाई, ती त्या दिवशी लालासाहेबांच्या बालपणातनं, तारुण्यातनं, दुष्काळी कामांतनं सरळ चालत राह्यली. भिंतीवरचं घड्याळ पाचाकडं सरकत हुतं. अक्षताचं डोळं एकदा घड्याळावर, एकदा पडद्यावर. तिची दोन बोटं मांडीवरनं सुटली.

मला राहवलं न्हाई. मी वरडलो, “अक्षे, दाब की! बघतीयास काय?”

“श्श्!” सगळी सभा म्हणाली.

“आरं गाणं चाललंय, कळतंय का?” माझ्या शेजारचा आप्पासो फिसकारला. “शाळा सोडलेली पोरं असलीच.”

“आप्पासो, तिची परीक्षा हाय गड्या!”

“मग काय गाण्याचा अपमान करायचा?”

अक्षतानं आण्णाकडं बघितलं. ती फकस्त एवढंच इचारत हुती, दाबू का? आण्णाच्या छातीवर गुलाब हुता, मागं खुर्ची हुती, आणि सगळं गाव त्याच्याकडं बघत हुतं. त्यानं डोळ्यानं खूण केली : नीट उभी रहा.

बोटं परत मांडीला चिकटली.

सातवं कडवं संपलं. टाळ्या पडल्या. मग लालासाहेब पुढं झाले, त्यांना चष्मा दिला, बटण दाखवलं, त्यांनी दाबलं. पुन्हा टाळ्या. पडद्यावर लगेच उत्तर आलं. अक्षतानं वाचून दाखवलं, “मुदत संपली आहे. आपल्या शाळेकडून एकही उत्तर वेळेत आले नाही.”

“आलं का न्हाई उत्तर?” लालासाहेब म्हणाले. “एका मिनिटात! याला म्हणायचं तंत्रज्ञान.”

“साहेब, आवं मुदत गेली,” अक्षता म्हणाली. “आता घेणार न्हाईत ते.”

“पुढच्या वर्षी घेतील,” आकाराम सर म्हणाले.

“पुढच्या वर्षी मी शाळंत नसणार सर.”

“पण शाळा असणार ना?” सर म्हणाले. ह्याच्यावर तिसऱ्यांदा टाळ्या पडल्या.

अहवालात लिवलं, गीताच्या मंगल सुरांमुळं लाइन न तुटता टिकली, सबब पुढील वर्षी गीतात चार कडवी वाढवावीत. सरांना जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला. विषय : ऑनलाइन शिक्षणातील शालेय नेतृत्व. अक्षता आता कडेगावात त्याच टायपिंगच्या क्लासात शिकवते. आण्णा तिच्या पुढ्यात बसून जेवत न्हाई. आधी न्हाईतर नंतर जेवतो.

गावातली माणसं मात्र लय चांगली. आजबी बाजारात कुणी भेटलं की हळहळतात. परवा आमा दोघांस्नी आप्पासोच भेटला. अक्षताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “पोरी, दाबायचं हुतंस की गं बटण! कोण तुला खाणार हुतं व्हय?”

हे वाचताना तुमच्याबी मनात तेच आलं असणार, दाबायचं की हिनं. बरोबर हाय तुमचं. फकस्त एक सांगा. सगळी सभा “श्श्” म्हणाली, तवा तुमी कितव्या ओळीत उभं हुता?