लिफ्ट दोनवर आहे

कोलकात्यात बालीगंजच्या त्या पाच मजली इमारतीत नवी लिफ्ट बसवायची ठरली, तेव्हा सलील दाबके सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि शिवाय इंजिनियर. त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी बोलेना. आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे लिफ्टला कळायला सेन्सर लागतो, आणि कंपनीकडे ते दोन जातींचे होते. एकाला कधीही विचारा, तो आपली जागा नेमकी सांगणार. दुसरा नुसता मोजणार. धातूची एक पट्टी जवळून गेली की एक मजला, आणखी एक गेली की दोन. सलीलनी मोजणारा निवडला.

"मध्येच लाइट गेले तर?" त्यांच्या बायकोने, विनीताने विचारलं होतं.

"मागचा आकडा लक्षात ठेवतो तो. तिथून पुढे मोजतो."

रविवारी सकाळी विनीताचे वडील सांगलीहून आले. आप्पा निवृत्त हेडमास्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बारा वर्षांत त्यांनी जावयाला एकदाही 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं. सलील इस्त्रीचा कुर्ता घालून दुसऱ्या मजल्यावर, आपल्या दारासमोर, लिफ्टपाशी उभे राहिले.

त्याआधी दहा मिनिटं वीज गेली होती. तेव्हा दुसऱ्या मजल्यावर थांबलेली रिकामी लिफ्ट बॅटरीने अलगद तळमजल्यावर आणून सोडली. बॅटरीची वायर सेन्सरला मात्र कोणी जोडलीच नव्हती, त्यामुळे हा प्रवास त्याने मोजला नाही. वीज आली तेव्हा लिफ्ट तळाशी दार उघडून उभी होती आणि सेन्सरच्या हिशेबी दोनवर.

"तुम्ही व्हा पुढे," टॅक्सीतून बॅगा काढता काढता विनीता म्हणाली. "दोन दाबा. डावीकडचं दार."

आप्पा आत शिरले, दार लागलं, त्यांनी दोन दाबलं. आपण दोनवर आहोतच, असं समजून लिफ्टने पुन्हा दार उघडलं. सगळ्या मजल्यांवरचे पॅसेज एकसारखे अंधारे. आप्पांनी डावीकडची बेल वाजवली. आत तळमजल्यावरचे घोषबाबू क्लबातून येणाऱ्या बुद्धिबळाच्या नव्या भिडूची वाट बघत होते.

"आशुन, आशुन!" त्यांनी हात धरून आप्पांना पटासमोर बसवलं. शेजारी स्वागताला आलेले दिसतात, असं आप्पांना वाटलं.

वर सलीलसमोर लिफ्टच्या दारावरचा आकडा दोन दाखवत होता आणि दार उघडत नव्हतं.

"आप्पा, घाबरू नका!" सलील दारावर थापा मारत ओरडले. "लांब श्वास घ्या!"

आतून उत्तर नाही. चौथ्या मजल्यावरच्या सरकारबाई धावत आल्या. एवढ्यात, दोन दाबूनही लिफ्ट हलेना म्हणून, बॅगा ओढत विनीता जिन्याने वर पोचली.

"कुणाशी बोलतोयस?"

"आप्पा अडकलेत!"

"लिफ्ट तर खाली उघडी आहे. रिकामी!"

अख्खी इमारत आप्पांना शोधू लागली, तेव्हा खालून घोषबाबूंची हाक आली. "दाबकेबाबू! आपका ससुरजी हमारा वजीर खा गया!"

सलील धापा टाकत खाली गेले, तर आप्पा संदेशाची बंगाली मिठाई खात होते.

"ये," आप्पा म्हणाले. "लिफ्ट झकास बसवलीयस हं. हलल्याचंसुद्धा कळलं नाही. बरं केलंस."

डाव संपल्यावर सलीलनी आप्पांना लिफ्टमध्ये घेतलं आणि दोन मजले वर जायला चार दाबलं. लिफ्ट गचका देऊन निघाली.

आप्पांनी दांडी घट्ट धरली.

"बघ," ते म्हणाले, "तू हात लावलास की बिघडलंच."