व्याह्यांचे घर आणि आजोबांचे फर्निचर

व्याह्यांनी, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांनी, नातीसाठी बाहुलीचे घर बांधले, येथपर्यंत सारे ठीक होते. लाकडी, दुमजली, उघडमीट होणाऱ्या खिडक्यांचे ते घर पाहून लेक हरखली, जावई हरखला. पण आजीही गालावर हात ठेवून उद्गारली, "बाई, हातात काय कला आहे!" आणि हे वाक्य आजोबांच्या जिव्हारी लागले. इतक्या वर्षांच्या संसारात ते त्यांच्या वाट्याला एकदाही आले नव्हते. (भिंतीत त्यांनी एकदाच खिळा ठोकला होता, आणि त्यातून पाण्याची धार निघाली होती.)

"घर झकास आहे, व्याहीबुवा," ते म्हणाले, "पण रिकामं आहे. फर्निचर माझ्याकडे लागलं! रविवारी नातीला घेऊन जेवायलाच या. अस्सल सागवानी असेल, हातानं घडवलेलं!"

"तुम्ही?" व्याह्यांनी विचारले. एवढ्याशा शब्दात त्यांनी किती अविश्वास भरला होता!

दुसऱ्याच दिवशी बारीक करवत, पॉलिशपेपर, गोंद आणि सागवानाच्या पातळ पट्ट्या घेऊन आजोबांनी जेवणाचे टेबल काबीज केले.

"अहो, मग जेवायचं कुठे?"

"कलेसाठी त्याग करावा लागतो."

"तो दर वेळी मीच का करायचा?"

या प्रश्नाकडे आजोबांनी थोर कलावंताच्या अलिप्ततेने दुर्लक्ष केले. त्यांना नमुने कापण्यासाठी जाड पुठ्ठा हवा होता. शोधता शोधता त्यांना टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची चांगली जाडजूड घडी सापडली. 'चांगल्या वस्तूची किंमतच नाही या घरात!' असे पुटपुटत त्यांनी ती ओढून काढली आणि तिच्यातून खुर्ची, टेबल, पलंग असे सारे नमुने कापले.

पहिले स्टूल तयार झाले, तेव्हा त्यांचा आनंद घरात मावेना. अंगठ्याएवढे ते स्टूल! चार सुबक पाय, गुळगुळीत बैठक!

"अगं, धाव! झालं!" ते ओरडले.

आजी पिठाचे हात घेऊन धावत आली. "काय झालं? बोट कापलं?"

"स्टूल झालं!"

"उभं राहतं का?"

आजोबांनी ते दिमाखात टेबलावर ठेवले आणि वरून बोट टेकवले. टक्! पुन्हा टेकवले. टक्!

"डुगडुगतंय," असा निकाल देऊन आजी परत गेली.

आजोबांनी एक पाय केसभर कापला. टक्! दुसरा कापला. टक्! "आता बघ, अगदी नेमकं!" असे दर वेळी त्याच उमेदीने म्हणत त्यांनी चारही पाय आळीपाळीने कापले. अखेर पाय संपले, आणि उरली ती नुसती फळी. पहिले अपत्य म्हणून त्यांनी ती काचेच्या कपाटात ठेवली आणि नव्या जोमाने खुर्च्या करायला घेतल्या. खुर्च्या डुगडुगल्या. टेबल डुगडुगले. पलंगही डुगडुगला! 'लाकूड ओलं दिसतंय,' असे निदान करून आजोबा कापत राहिले. वाटीत चिमुकल्या पायांचा लवंगांसारखा ढीग साचला, आणि रविवार उजाडला तेव्हा साऱ्या फर्निचरने जमिनीवर बसकण मारली होती.

टेबल आवरून आजी ताटे मांडू लागली. पहिले ताट ठेवताच आवाज आला: टक्!

"अहो, टेबल का हलतंय? खालची पुठ्ठ्याची घडी कुठे गेली? मी घातलेली!"

आजोबांनी टेबलाकडे पाहिले, मग वाटीतल्या पायांकडे. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (तो थोडा आधी पडता, तर निदान पलंग वाचला असता.) इतक्यात दारावरची घंटा वाजली.

नात वाऱ्यासारखी आत शिरली, मागोमाग व्याही बाहुलीचे घर घेऊन आले, आणि ती त्यात एकेक वस्तू मांडू लागली.

"आजोबा, यांना पाय नाहीत?"

आजोबांनी पायांची वाटी हळूच पाठीमागे लपवली. व्याह्यांनी चष्मा चढवला. नातीने बाहुली उचलून बिनपायांच्या खुर्चीवर ठेवली. बाहुली पाय सरळ पसरून, पाठ टेकून ऐटीत बसली!

"बसली! आजोबा, ही बसली! हिचे गुडघेच वाकत नाहीत ना, दुकानातल्या खुर्चीवरून ही सारखी घसरून पडायची!"

"वा!" व्याह्यांना राहवले नाही. "गुडघे वाकत नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही मुद्दाम बैठं फर्निचर केलंत!"

"निरीक्षण लागतं, व्याहीबुवा," आजोबा नम्रपणे म्हणाले. आजीकडे पाहणे मात्र त्यांनी कटाक्षाने टाळले.

सारे जेवायला बसले. व्याह्यांनी कौतुकाच्या भरात टेबलावर कोपर टेकले. टक्! पाण्याचा भरलेला तांब्या थेट आजोबांच्या मांडीवर कलंडला.

"थांबा," म्हणत आजी उठली. तिने काचेचे कपाट उघडले, आजोबांचे पहिले अपत्य बाहेर काढले, वाकून टेबलाच्या पायाखाली सरकवले आणि दोन्ही हातांनी टेबल दाबून पाहिले. टेबल तसूभरही हलले नाही.

"बाई," ओल्याचिंब आजोबांकडे पाहत ती म्हणाली, "हातात काय कला आहे!"