जिन्याखालच्या दाराचा निळा

"रंगच तर द्यायचाय! चार दिवस पुष्कळ झाले!" मंगळवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत थोरली म्हणाली.

धाकट्याने बहिणीकडे नुसतं पाहिलं. जिने उभ्या आयुष्यात नखांखेरीज काही रंगवलं नव्हतं, आणि तीही एकदाच, चुलतबहिणीच्या लग्नात, ती आता अख्खी मोटार रंगवायला निघाली होती!

पण थोरली ग्रंथपाल होती. जगातल्या प्रत्येक गोष्टीची कुठे ना कुठे नोंद असते, फक्त ती काढता आली पाहिजे, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास.

मोटार मागच्या शेडमध्ये उभी होती. जुनी, पोलिसांची, बेडकासारख्या बटबटीत दिव्यांची. बाबांनी पोलीस गॅरेजात बत्तीस वर्षं गाड्या रंगवल्या. टप पांढरा, अंग निळं, कमरेला चार बोटं रुंद पिवळा पट्टा. रस्त्याने अशी गाडी गेली की लहानपणी ही दोघं भावंडं "बाबांची गाडी!" म्हणून ओरडायची आणि शेजारची मुलं जरा अंतर ठेवून वागायची. निवृत्तीनंतर बाबा लिलावातून त्यातलीच एक, गंजून मूळ रंगही न ओळखू येणारी गाडी घेऊन आले आणि तीन वर्षं ती खरवडत बसले. टप झाला, पट्टा झाला, त्यावर टेप लावून झाली. निळा तेवढा राहिला. चार महिन्यांपूर्वी एका दुपारी "जरा पडतो" म्हणून ते आत गेले आणि उठलेच नाहीत.

रविवारी जुन्या गाड्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. अर्ज बाबांनी स्वतःच्या हाताने भरून ठेवला होता. गाडी त्यांच्या नावाने, त्यांनी ठरवलेल्या निळ्यात तिथे उभी राहावी, एवढंच थोरलीला हवं होतं. त्यासाठी तिने बाबांची वही काढली. शेवटच्या पानावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'निळा ठरला. जिन्याखालच्या दाराप्रमाणे.'

"बघ! नोंद आहे!" थोरलीने विजयी मुद्रेने वही आपटली.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "जिन्याखालचं दार क्रीम कलरचं आहे."

थोरलीचा चेहराही क्रीम कलरचा झाला.

कारण दारं क्रीम करवून घेतली होती तिनेच! बाबांना जाऊन महिना झाला तेव्हा, आईला जरा प्रसन्न वाटावं म्हणून. जिन्याखालच्या दारावर तर बाबांच्या प्रयोगांचे इतके डाग होते की भेटायला येणारे लोक सांत्वन सोडून दाराकडेच बघत बसायचे. "आधी हे झाका!" असं तिनेच पेंटरला बजावलं होतं. त्याने दोन हात जास्तीचे मारले होते. मोफत!

"आईला सांगू नकोस," थोरली म्हणाली. "क्रीमच्या खाली निळा असणारच. खरवडून काढू."

दोघं पॉलिश पेपर घेऊन दारापुढे बसली. क्रीम गेला. खाली निळा लागला. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कागद जरा जोरात फिरला आणि त्या निळ्याखाली जांभळा लागला. जांभळ्याखाली दुसरा निळा, त्याखाली पुन्हा जांभळा, मग निळसर, मग जांभळट! दार नव्हतं ते, कांदा होता.

"पोलिसांच्या गाडीला बाबा जांभळा कशाला लावून बघत होते?" थोरलीने विचारलं.

"कागदाने काय होतंय? थांब, मशीन आणतो!" धाकटा म्हणाला. त्याचा हा स्वभावच. घड्याळ मागे पडलं तरी तो हातोडीपासून सुरुवात करतो. त्याने घासायचं मशीन आणलं, बटण दाबलं, आणि अर्ध्या मिनिटात बाबांचे सगळे निळे पार करून तो थेट लाकडात पोचला. आणखी थोड्या वेळाने तर जिन्याखालच्या अंधारातलं शिलाई मशीन दारातूनच दिसू लागलं.

"बंद कर! मेल्या, बंद कर!"

"काय चाललंय गं तिकडे?" आई स्वयंपाकघरातून.

"काही नाही! साफसफाई!" दोघं एका सुरात. असा एकसूर त्यांनी शाळा सुटल्यापासून लावला नव्हता.

बुधवारी आई डॉक्टरांकडे गेल्याबरोबर दोघांनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि खांद्यावर घेऊन रंगाच्या दुकानाकडे निघाली. पुढे धाकटा, मागे थोरली. येणारेजाणारे आदराने बाजूला होत होते. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली.

दुकानदाराकडे रंग ओळखणारं यंत्र होतं. त्याने ते खरवडलेल्या जागी टेकवलं. यंत्राने आठनऊ रंग एकदम पाहिले, बराच वेळ विचार केला आणि हत्तीसारखा करडा दाखवला.

"यंत्र खोटं बोलत नाही," दुकानदार म्हणाला.

"अहो, पोलिसांची गाडी आहे, हत्ती नाही!"

दार परत आणून शेडमध्ये गाडीला टेकवतात न टेकवतात तोच फाटकापाशी पोलिसांची गाडी थांबली. नवी, पांढरीफटक, कुणाच्याही हाताची खूण नसलेली. समोरच्या मावशींनी आपलं कर्तव्य बजावलं होतं. हवालदार खाली उतरले.

"या घरातून भरदिवसा दार चोरीला गेल्याची तक्रार आहे."

"दार आमचंच आहे," थोरली म्हणाली.

हवालदारांची नजर दारावरून मागे गेली. "आणि ही पोलिसांची गाडी?"

"तीही आमचीच," धाकटा म्हणाला.

हवालदारांनी कपाळ पुसलं. "मग आमचं काही राहिलंय का?"

कागदपत्रं दाखवून त्यांची समजूत काढेपर्यंत आई आली. फाटकात पोलीस, शेडमध्ये दार आणि जिन्याखाली भगदाड! आईने सगळं एकदा पाहिलं. मग ती काही न बोलता आत गेली. हे फार वाईट चिन्ह होतं.

शुक्रवारी मंडळाचे परीक्षक गाडी तपासायला आले. सतत भिंग घेऊन हिंडतात म्हणून त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत. सोबत ड्रायव्हरकाका होते, बाबांचे गॅरेजातले जुने सोबती. जुन्या पोलिसी रंगांवर भिंगसाहेबांचा इतका अभ्यास की बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरतील, पण पट्ट्याची रुंदी तीन बोटांवरून चार बोटांवर कोणत्या साली आली, ते झोपेतही सांगतील.

त्यांनी डिकीतला रबरी गालिचा उचलला, भिंग लावलं आणि किंचाळले, "जांभळा!"

थोरली धावली. बाबांचा कागद न पोचलेल्या कोपऱ्यात खरोखरच जांभळा रंग होता.

"ही त्या सातातली आहे!" भिंगसाहेबांचा आवाज कापत होता. "फक्त सात गाड्या जांभळ्या निघाल्या होत्या. माझी पुस्तिका आहे त्यावर! संध्याकाळच्या उजेडात दिसू नये म्हणून खास गुप्त पथकासाठी केलेली रंगयोजना!"

"गुप्त कसली?" ड्रायव्हरकाका हसले. "मी चालवलीय ना यातली एक. पोरं मागे धावायची, 'वांगं आलं, वांगं आलं!' करत. आम्ही साहेबांना विचारलं, हा रंग कसा काय? साहेब म्हणाले, वरून आलाय. वरच्यांना वाटलं, खालून आलाय. मग कोण कशाला बोलतंय! बाकीच्या सहा केव्हाच भंगारात गेल्या. ही शेवटची."

"जांभळा द्या!" भिंगसाहेबांनी थोरलीचे दोन्ही हात धरले. "पहिलं बक्षीस तुमच्या वडिलांच्या नावावर! निळ्या काय, पन्नास आहेत!"

ते गेले. थोरली गाडीच्या पायरीवर बसली. पहिलं बक्षीस, बाबांचं नाव, आणि निळा तर काही केल्या सापडत नव्हता.

"काय करायचं?" धाकट्याने विचारलं.

"जांभळाच देऊ या," ती म्हणाली. "तोही बाबांचाच ना."

"खबरदार!"

आई शेडच्या दारात उभी होती. चार महिन्यांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता.

"ह्यांनी जन्मात कधी जांभळा लावला नाही. निळाच लावला."

"अगं आई, डिकीत आहे! डोळ्यांनी बघितला!"

"तुझ्या डोळ्यांनी ना? ह्यांच्या डोळ्यांनी बघ." आई आत आली आणि गाडीवर हात टेकून उभी राहिली. "ह्यांना निळा आणि जांभळा एकच दिसायचा."

थोरली पायरीवरून उठली.

"पण बाबा पेंटर होते!" धाकटा म्हणाला.

"मग? तेव्हा डोळे ड्रायव्हरचे तपासायचे, पेंटरचे कोण तपासतंय? नोकरीला लागल्यावर ह्यांच्या लक्षात आलं. मग रंग कालवला की डब्याच्या झाकणावर थोडा घरी आणायचे, त्या दारावर लावायचे. सकाळी उजेडात मी बघायची. 'चालेल' म्हटलं की मग गाडीला. बत्तीस वर्षं! तुमच्या त्या सगळ्या पोलिसांचा निळा मी पास केलाय, स्वयंपाक करता करता."

"मग त्या सात गाड्या?" थोरलीने विचारलं.

आई जरा लाजल्यासारखी हसली. "तुझ्या वेळचं आहे ते. मला दोन महिने दवाखान्यातून हलू दिलं नव्हतं. साहेबांची घाई. ह्यांनी रोज विचारायचं ठरवलं होतं, पण दवाखान्यात झाकण आत नेऊ देईनात. मग आपल्याच अंदाजाने लावला. घरी येताना मी तुला मांडीवर घेऊन बसले होते गाडीत, आणि वाटेत एक वांगं समोरून गेलं. मी इतकी हसले की टाके दुखले! ह्यांनी घाबरून विचारलं, 'काय झालं?' सांगितल्यावर तीन दिवस जेवले नाहीत."

"म्हणून ही गाडी आणली," थोरली हळूच म्हणाली.

"एक तरी नीट करून ठेवतो म्हणाले."

"आणि आम्हाला का नाही सांगितलंस? आम्ही दार फोडलं, खांद्यावर मिरवलं, पोलीस आले!"

"तुम्ही विचारलंत कुठे? साफसफाई चालली होती ना तुमची!"

शनिवारी सकाळी आई स्टुलावर बसली आणि दोन्ही मुलं रंग कालवायला. "पांढरा घाल. बास. काळा एक थेंब. थेंब म्हटलं, पळी नाही! अजून थोडा... हं." मग तिने बराच वेळ झाकणाकडे पाहिलं. "चालेल," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि लगेच धाकट्यावर ओरडली, "ते मशीन लांब ठेव!"

रविवारी मैदानात अकरा निळ्या गाड्या उभ्या होत्या, आणि बाबांची बारावी. बक्षीस मिळालं नाही. भिंगसाहेबांनी कागदावर 'रंग: नेहमीचा' असं लिहिलं, तेव्हा आईने तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला.

"इतिहास पुसलात तुम्ही," भिंगसाहेब थोरलीला कळवळून म्हणाले. "वडील जांभळ्याबद्दल काही तरी बोलले असतील की! शेवटपर्यंत?"

थोरलीने आईकडे पाहिलं. आई दूर कुठेतरी ढगांकडे बघत होती.

छापील पुस्तकातली चूक दिसली की प्रकाशकाला पत्र टाकणारी बाई ती. तिने घसा खाकरला.

"ते गोपनीय आहे, एवढंच म्हणायचे."

"मी म्हणत नव्हतो का!" भिंगसाहेबांनी तिथल्या तिथे टिपून घेतलं.

महिन्याभराने पुस्तिकेची सुधारून वाढवलेली आवृत्ती ग्रंथालयात आली. गुप्त पथकावर आता एक अख्खं प्रकरण होतं आणि खाली तळटीप: 'रंगकाराच्या कन्येने यास दुजोरा दिला आहे.' थोरलीने ती पुस्तिका दाखल करून घेतली, शिक्का मारला आणि कादंबऱ्यांच्या कपाटापाशी बराच वेळ घुटमळली. शेवटी मुकाट्याने 'इतिहास' विभागात नेऊन लावली. पोलिसांचा नसला, तरी तिच्या जन्माचा होताच.