लाल क्लिपचा मासा

नवरा-बायकोंच्या बास मासे पकडण्याच्या स्पर्धेत नाव नोंदवताना मी नॅडीनला ऐटीत म्हणालो, "यंदा रॉयसला हरवलं नाही, तर माझी बोट गॅरेजबाहेर आणि तुझी गाडी आत." (रॉयस माझा साडू. तीन वर्षं ओळीने जिंकलाय आणि दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ते ऐकवतो.) नऊ उन्हाळे अलाबामाच्या उन्हात गाडी तापवलेली नॅडीन एवढंच म्हणाली, "लिहून द्या."

दिलं. मी काउंटी कचेरीतला कारकून, सही-शिक्क्यासकट दिलं.

महिनाभर मी हॉलमधल्या कॉफीच्या मगात नेम धरून गळ टाकायचा सराव केला. तेवढा मग सोडून सगळं गळाला लागलं. (सासूबाईंचा केसांचा टोपसुद्धा. तो विषय आमच्याकडे निघत नाही.) आमिषाला रबरी गांडुळं घेतली चौदा रंगांची.

स्पर्धेच्या दिवशी तळ्यावर मी पाण्याचं तापमान वहीत टिपत बसलो. नॅडीनने तपकिरी गांडूळ लावलं, जुन्या धक्क्याच्या सावलीत अलगद सोडलं आणि चार मासे काढले. मी एक काढला. तोही माझ्यावर दया येऊन आला असावा.

"टाकीत मर्यादा पाचाची," ती म्हणाली. "सहावा आला की सगळ्यात लहान लगेच सोडायचा. त्याच्या जबड्याला माझी लाल क्लिप लावून ठेवा. ऐकताय ना?"

"हो, हो." मी दोऱ्याचा गुंता सोडवत होतो. पण कचेरीत सगळ्यात महत्त्वाच्या फायलीलाच लाल पट्टी लागते. हात सवयीने गेला. लाल क्लिप सगळ्यात मोठ्या, आठ पौंडी माशाला लागली.

तेवढ्यात नॅडीनची काठी वाकली. सहावा!

"अहो, लाल सोडा!"

बावीस वर्षांचा संसार आहे. मी विचार करत नाही, ऐकतो. बोटीतल्या माशांच्या टाकीत हात घातला, लाल क्लिपवाला उचलला आणि पाण्यात सोडला. धप्प आवाज जरा जास्तच मोठा आला.

नॅडीनने वळून टाकीत पाहिलं. "मोठा कुठे गेला?"

"तूच म्हणालीस..."

"क्लिपसकट?"

यावर मी तापमान सांगितलं.

संध्याकाळी वजनकाट्यापाशी आम्ही पुढे होतो! शेवटी रॉयस आला. त्याने पिशवीतून आठ पौंडी धूड वर काढलं. जबड्याला लाल क्लिप.

"धक्क्याजवळ मिळाला," तो म्हणाला. "नटून आला होता बिचारा."

मी आक्षेप घेतला. पंचांनी नियमांचं पुस्तक उलटंसुलटं चाळलं आणि सांगितलं, माशाने दागिने घालू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही. आम्ही तीन पौंडांनी हरलो.

रॉयसने क्लिप पुसून अदबीने नॅडीनला परत केली. मला खरंच रडू येत होतं. बोटीसाठी नाही; दिवसभर ही बाई माझीच बोट वाचवायला झटत होती.

"नॅडीन, चुकलं माझं."

घरी आल्यावर तिने गाडी गॅरेजमध्ये घातली, बोटीवर ताडपत्री टाकली आणि ती लाल क्लिप माझ्या कॉलरला लावली.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आधी काय सोडायचं, ते लक्षात राहील."