झाकलेल्या पंपाची व अंबादासपंतांची हकीकत

श्रीविघ्नहर्ता प्रसन्न. चाक फिरविणाऱ्या आणि पाणी चढविणाऱ्या शक्तीस दंडवत करून, शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, आश्विन मासी, एका राज्यातील यंत्रविद्येच्या पाठशाळेत जे वर्तमान घडले ते पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लेखकास अद्याप तेथेच राहणे आहे.

त्या राज्यात घरटी एक यंत्रविशारद असावा ऐसा श्रीमंतांचा मानस जाहला, म्हणून गावोगाव पाठशाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांपैकी एकीस सरकारांनी पाण्याचा पंप पाठविला. पंप वाजतगाजत आला आणि मग भांडारप्रमुख नारोबा डबीर यांस आज्ञा जाहली की यंत्र बिघडल्यास जाब तुमचा. नारोबा शहाणे गृहस्थ. न चालविलेले यंत्र बिघडत नाही हे त्यांनी तत्काळ ओळखले आणि पंपावर जाजम टाकून दारास कुलूप घातले. मग दरसाल खंडेनवमीस कुलूप निघे, जाजम दूर होई, पंपास हळदकुंकू लागे, झेंडूची माळ पडे, अवघे हात जोडीत, आणि आरती संपताच पुन्हा जाजम. ऐसी अडतीस वर्षे लोटली.

पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांत अंबादास वैशंपायन म्हणून एक होते. त्यांनी पूजेच्या अर्ध्या घटकेत पंप न्याहाळून त्याचा नकाशा काढिला. नळाच्या तळाशी एक झडप असते, ती चढलेले पाणी परत खाली जाऊ देत नाही. ती पंपासोबत आलेल्या पेटीतच बांधलेली राहिली होती, म्हणून नकाशातही आली नाही. परीक्षक बहुत संतोषले, नकाशास अव्वल शेरा पडला, आणि तोच नकाशा पाठशाळेचा कायम नमुना ठरला. मग पुढील विद्यार्थी दोन खुर्च्यांवर काच ठेवीत, काचेखाली दिवा लावीत, काचेवर नमुना आणि नमुन्यावर कोरा कागद ठेवून रेघ गिरवीत. यास ते काच मारणे म्हणत. अंबादास पुढे पंत जाहले, तेथेच गुरुजी जाहले, आणि पंप हाच विषय शिकवू लागले. पुस्तकात झडप पाहून त्यांस आपली चूक उमगली, परंतु परीक्षक नमुना शेजारी धरूनच कागद तपाशीत, आणि ज्याने झडप रेखिली त्याचे गुण कापले जात, म्हणून पंत गप्प राहिले. पंप चालताना त्यांनी कधी ऐकिला नव्हता. वर्गात ते तोंडानेच घुर्र असा आवाज काढीत, पोरे हसत, आणि पंतही हसत. परंतु घरी जाताना कुलुपाशी क्षणभर उभे राहत आणि दारास कान लावीत. आत काय ऐकू येणार! शेतावर जाऊन पाहावे तर शेतकऱ्यास विचारावे कैसे, ही लाज. ही तळमळ त्यांनी कोणास सांगितली नाही, लेखकास मात्र ती दिसत होती.

त्यांची विद्यार्थिनी मंजुळा कासार मोठी चौकस. तिने एकदा विचारिले, "गुरुजी, पुस्तकात झडप आहे, नमुन्यात का नाही?" पंत म्हणाले, "बाळ, परीक्षेत नमुन्याप्रमाणे काढ." तिने तैसे काढिले, प्रथम वर्गात आली, आणि आंबेखिंड गावी पाणीपुरवठ्याच्या कामावर तिची नेमणूक जाहली. तेथे पंप बसविला तो नमुन्याबरहुकूम. पंप फिरला, गरगरला, आणि पाण्याचा थेंब आला नाही. गावचा हैबती मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाईसाहेब, तळाला झडप कुठंय?" मंजुळा म्हणाली, "नकाशात नाही." "नकाशात नसंल, पन पानी खाली चाललंय न्हवं?" तरी सरकारी नकाशाबाहेर काम करू नये ऐसा कायदा, म्हणून अकरा दिवस पत्रे गेली आणि पत्रे आली, आणि बायामाणसे अकरा दिवस ओढ्यावरून हंडे वाहत राहिली. बाराव्या दिवशी मंजुळेने कायदा बाजूस ठेविला, हैबतीने झडप बसविली, आणि पाणी वर आले. मग ती तडक पाठशाळेत आली. खंडेनवमीचा दिवस होता, पंपास माळ घालणे चालले होते. तिने गुरुजींस नमस्कार केला आणि सर्वांदेखत म्हणाली, "गुरुजी, मी प्रथम वर्गाची, आणि गाव माझ्यामुळे तहानेला राहिला. तुम्ही तेव्हा खरे का नाही सांगितले?"

पंत पूजेस आलेल्या विद्याधिकाऱ्यांपुढे उभे राहिले आणि बोलले, "नमुना माझा, चूकही माझी, आणि ठाऊक असून गप्प राहिलो तोही मीच. याच महिनाअखेर मी निवृत्त होतो. तेवढा हा पंप एकदा चालवावा, मुलांच्या हाती द्यावा. बिघडला तर मुले दुरुस्त करतील, त्यासाठीच तर ती येथे येतात." नारोबा म्हणाले, "पंत, आजवर अवघे पास जाहले, कोणाचे काय अडले?" विद्याधिकाऱ्यांनी मसलत केली, समिती नेमिली, समितीने तीन बैठका केल्या आणि निर्णय दिला की नमुन्यात झडप रेखावी, आणि यापुढे काच सुधारलेल्या नमुन्यावर मारावी. पंतांस शाल दिली, नारळ दिला आणि निरोप दिला. पंप जाजमाखालीच राहिला.

पंत शाल घेऊन घरी गेले नाहीत. मंजुळेबरोबर थेट आंबेखिंडीस गेले. हैबतीने त्यांस पंपापाशी नेले आणि म्हणाला, "गुरुजी, आधी वरनं पानी भरा, हवा निघू द्या, मग चालू करा. घ्या, तुमीच करा." पंतांनी पाणी ओतिले, बटण दाबिले, आणि पंप बोलू लागला. तो घुर्र नव्हताच, निराळाच आवाज होता, खालचा आणि भरलेला. हातातील नळी थंड जाहली आणि मग जड जाहली, आणि पाणी उसळले. पंत तेथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. म्हणाले, "मंजुळे, इतकी वर्षे मी काय शिकवीत होतो ग!" मंजुळाही जवळ बसली. मग पंतांनी डोळे पुसले आणि हैबतीपुढे हात जोडून म्हणाले, "मिस्त्री, मला हाताखाली घ्याल का?" हैबती संकोचून डोके खाजवीत म्हणाला, "उद्या सकाळी सहाला या. उशीर चालायचा न्हाई."

एकूण सारांश ऐसा: विद्या कागदावर राहिली तिची अडतीस वर्षे गेली, आणि ती भरपाई कोणत्याही समितीच्या हाती नाही. दुसरे दिवशी पंत पावणेसहासच हजर जाहले, धोतर खोचून. लेखनसीमा.