चारशें सतराव्या गिऱ्हाइकाची ओळ

श्रीकृपेंकरून पेठ नांदती असो, सर्व्हर जागता असो, आणि लिहिणारास खोटें लिहिण्याची बुद्धि न होवो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, भाद्रपदमासापासून दरबारीं जें वर्तमान जाहलें, तें जैसें पाहिलें तैसें लिहितों.

राज्य म्हणजे ऑनलाइन पेठ. गिऱ्हाइकानें फोनावर बोट ठेवावें आणि माल घरीं पोंचावा, ऐसी रीत. सर्व कारभार कोडावर चाले, आणि तो कोड बारा वर्षांमागें जिवाजीपंतांनीं एकहातीं लिहिला. पंत मोठे हुशार, परंतु अबोल; काय केलें तें लिहावें, कां केलें तें लिहूं नये, ऐसा स्वभाव. मग पंत कैलासवासी जाहले, आणि दरबारांत चाल पडली कीं पंतांचे ओळीस कोणी हात लावूं नये, लाविल्यास पेठ बसते. ऐसीं दोन वर्षें गेलीं, आणि मग शिवदेवराव नवे कारभारी आले, आणि त्यांणीं हुकूम केला कीं, कोडांत जागोजाग खोंचलेल्या सवलती आणि सेटिंगा उपटून एके वहींत मांडाव्या, प्रत्येकीपुढें कारण लिहावें, जीस कारण नाहीं ती काढावी. हुकूम वाईट नव्हता, हें आम्हीं कबूल करितों.

तेव्हां शोधितां शोधितां एक ओळ निघाली: गिऱ्हाईक चारशें सतरा, याची मागणी कधींही रद्द करूं नये, माल एसटीनें धाडावा. आणि पेठेचा कायदा तर ऐसा कीं, जेथें कुरियर जात नाहीं तेथील मागणी आपोआप रद्द. शिवदेवराव बोलिले, "हा कोण लागून गेला? पंतांचा जांवई कीं काय?" सभा हांसली, आम्हीही हांसलों. जुना कोड सांभाळणाऱ्या चिमाबाई, त्यांणीं नोंद पाहिली, तों नांव आणि ईमेल पंतांचेंच, पत्ता कोण्या घाटावरील गांवचा, आणि दरमहा एक लहान पुडकें आपोआप निघतें. शिवदेवराव बोलिले, "पंत गेले. आतां त्यांस माल कशास?" चिमाबाई बोलिल्या, "साहेब, कारण आपल्याला माहीत नाहीं, म्हणजे कारणच नाहीं असं कुठं आहे? वहींत घालून ठेवूं या." उत्तर आलें, "घाला कीं! पण कारणाच्या रकान्यांत काय लिहाल?"

मग ओळ काढून, चाचणीसाठीं रचिलेली सरावाची पेठ असे, तींत कारभार चालवून पाहिला, आणि सर्व हिरवें आलें, कांहीं बिघडलें नाहीं. शिवदेवराव बोलिले, "मेलेली ओळ आहे, जाऊं द्या." परंतु सरावाचे पेठेंत लटकीं गिऱ्हाइकें चारशेंच होतीं. चारशें सतरावें त्यांत नव्हतेंच, मग बिघडावें कोणाचें? तीं चारशें आम्हींच आपले हातें घातलीं होतीं, आम्हांस तें त्याच क्षणीं उमगलें, आणि अरे कर्मा! नव्या साहेबांपुढें शहाणपण कोणीं करावें म्हणून आम्हीं मिठाची गुळणी धरून बसलों. ओळ गेली. मागणी दरमहा रद्द होऊं लागली, आणि रद्द जाहल्याचे संदेश पंतांचे ईमेलांत जाऊन पडूं लागले. मेलेल्या माणसाची टपाल वाचतो कोण?

मार्गशीर्षांत पंतांचे नांवें दरबारीं टपालाचें कार्ड आलें. चिमाबाईंनीं वाचिलें: "चि. जिवाजीस आशीर्वाद. कानाच्या यंत्राचे सेल तीन महिने आले नाहींत. इथें तालुक्यालाही मिळत नाहींत. तूं कामांत असशील म्हणून कळवलं नाहीं. तुझी काकू कार्तिकांत गेली. शेवटचे आठ दिवस माझा हात धरून कांहीतरी सांगत होती. मी हो हो म्हणत राहिलों. काय सांगत होती तें मला ऐकूं आलं नाहीं. सदोबा गुरुजी." हे पंतांचे शाळेंतील मास्तर. शिष्य वारला हें त्यांस कोणीं कळविलेंच नव्हतें.

शिवदेवरावांनीं कार्ड दोन वेळां वाचिलें आणि चिमाबाईंस इतकेंच बोलिले, "तुम्ही म्हणत होता." मग बैल गेला आणि झोपा केला: ओळ वहींत चढली, कारणाचा रकाना भरला, सेलांची पेटी एसटीनें गेली, आणि चिमाबाईंनीं सोबत पंतांचें वर्तमान लिहिलें. पंधरा दिवसांनीं पेटी परत आली. आंत चिठ्ठी: "जिवाजीचं कळलं. एक सेल घालून पाहिला, यंत्र चालतं. पण घरांत आतां बोलणारं कोणी नाहीं. बाकीचे दुसऱ्या कोणाला द्यावेत." चिमाबाई रडल्या. आम्हांस रडण्याचें तोंड नव्हतें.

एवंच वर्तमान ऐसें. पेठ चालती आहे, कोड स्वच्छ आहे, वहींत प्रत्येक ओळीपुढें कारण आहे. घाटावरील गांवीं एक म्हातारा आहे, त्यास बायकोचें शेवटचें बोलणें ठाऊक नाहीं, आणि तें आतां कोणाही शहाण्यास शोधून काढितां येणार नाहीं. येथें लेखणी ठेविली.